नळीच्या तोंडाशी

१

ठकी झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते.

ती वेळेआधी आली. दवाखान्यात किती तरी दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना नर्सबाईंनी सांगितलं होतं, "लवकर आलेली बाळं कधी कधी श्वास घ्यायला विसरतात. घाबरून जायचं नाही. तळव्याला टिचकी मारायची, की त्यांना आठवतं." घाबरून जायचं नाही, एवढं बोलून नर्सबाई पुढच्या पेटीकडे वळल्या. मी घरी आले ती ते बोट घेऊनच.

सासूबाई म्हणतात, "अगं, इतकं बोट लावतेस, पोरीला मिशा फुटतील तिथं."

हसायचं तर हसू देत. तिचा ठेका मला पाठ झालाय. दोन लहान श्वास, मग थांबते, मग एक लांब, सुस्कारा टाकल्यासारखा. त्या थांबण्यात माझा जीव टांगणीला असतो. लांब श्वास आला की मी माझा सोडते.

त्या दुपारीही तेच. खिडकी बंद, पडदा ओढलेला. खोलीत भिंतीवर एसी आहे. घर भाड्याने घेतलं तेव्हापासून तो तिथेच आहे, आमचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, हिला उकाडा सोसायचा नाही, म्हणून आम्ही तो चालू करून घेतला. पंधरवड्यापूर्वीच एसीवाल्याने त्यात गॅस भरला होता आणि आता पुन्हा तो गरम वारा फेकत होता. माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात फरशीवर पसरल्या होत्या.

मी बोट धरलं. दोन लहान.

बोट गार पडलं.

फ्रिजचं दार उघडल्यावर पायाला लागतो ना, तसा गारवा. मी बोट काढलं, पदराला पुसलं, पुन्हा धरलं. थांबणं. मग लांब श्वास, आणि माझ्या नखापर्यंत गारवा चढला.

एसी माझ्या डोक्यावर गरम हवा ओतत होता, आणि माझ्या लेकीच्या नाकातून थंडी येत होती.

२

मी थर्मामीटर लावला. ताप नाही, अंग थंडही नाही. कपाळ, पोट, तळवे, सगळं जसं असायला हवं तसं. सासूबाईंना उठवून आणलं. त्यांनी नाकाखाली हात धरला, काढला, पुन्हा धरला.

मग म्हणाल्या, "पंखा लागतोय."

पंखा बंद होता. त्यांनी वर बघितलं, त्यांनाही ते दिसलं. पण सासूबाई एकदा बोललेलं मागे घेत नाहीत.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला धड सांगितली नव्हती. आठवडाभर ठकी अंगावर ओढत नव्हती. तोंडात घ्यायची आणि नुसती पडून राहायची, डोळे उघडे ठेवून. ओढ म्हणून नाही. मी दूध काढून वाटी-चमच्याने पाजत होते. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय ना, मग झालं. आमचे हे टँकर चालवतात, आठ-आठ दिवस बाहेर असतात. फोनवर म्हणाले, "तू पण ना. बाळ रडलं तरी तुला भीती, नाही रडलं तरी तुला भीती."

खरंच होतं ते. म्हणून मी माझ्याच मनाला समजावलं. गॅस गळत असेल. खोलीत गॅस साठला असेल, तोच तिच्या नाकात जात असेल. भीतीला असं एक नाव मिळालं की बरं वाटतं. नाव असलं की माणूस बोलावता येतो.

मी एसीवाल्याला फोन केला.

३

एसीवाला चांगला धिप्पाड, खिशात कंगवा, आणि मशीनशी बोलायची सवय. आत आल्या आल्या एसीकडे बघून म्हणाला, "काय राणीसरकार, परत रुसलात?"

सासूबाईंनी ठकीला उचललं होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "मागच्या वेळी छाती ठोकून सांगितलंस, दोन उन्हाळे बघायला नको."

"छाती तीच आहे मावशी. गॅस गेला त्याला छाती काय करणार?"

"मग जातो कुठे तो?"

"तेच शोधायला आलोय. गॅस काही खायची वस्तू नाही. नळीतून आत जातो, गारवा देतो, बाहेर येतो, परत आत. तोच तो. भोक असल्याशिवाय संपायचं कारणच नाही."

मी विचारलं, "दादा, बाळाच्या नाकात गेला तर?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मस्करी सोडली. "इतका थोडा गॅस असतो वहिनी. खोली उघडा, निघून जाईल. पण बाळाला इथं नका ठेवू."

सासूबाई ठकीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहिले. इथून मला दोघं दिसत होती, तो आणि ठकी.

बाल्कनीत एसीचं बाहेरचं यंत्र आहे. तिथून दोन तांब्याच्या नळ्या भिंतीतून आत येतात, एक जाड, एक बारीक. त्याने नळीला मीटर जोडला. "थोडा गॅस आहे अजून. फेस लावून बघू. गळत असेल तिथं बुडबुडा येतो." मग पिशवी चाचपून जीभ चावली. "साबणाची बाटली दुकानात राहिली. काही द्या, फेस होईल असं."

माझ्या हाताशी ठकीचा साबण होता, तोच दिला. त्याने वाटीत फेस केला आणि ब्रशने नळीच्या एकेका जोडावर चढवला. बाहेरचे जोड कोरडे ठणठणीत. मग स्टुलावर चढून आतल्या मशीनच्या मागच्या जोडावर लावला. खोलीभर आंघोळ घातलेल्या बाळाचा वास सुटला.

"सापडला," तो म्हणाला.

जाड नळीच्या नटावर एक बुडबुडा आला होता. बोराएवढा. फुगला. मला वाटलं, आता फुटेल.

तो आत गेला.

परत फुगला. परत आत गेला. मग तसाच राहिला, ताणून धरलेला. मग सावकाश मोठा झाला, लांब, आणि हळूहळू बसला.

एसीवाल्याने ब्रश खाली घेतला. "हे असं नसतं," तो स्वतःशीच म्हणाला. "बुडबुडा फुगतो आणि फुटतो. आत दाब आहे. परत आत कसा जाईल?"

दोन लहान, मग थांबणं, मग एक लांब. मी मान वळवून स्वयंपाकघरात बघितलं. सासूबाईंच्या खांद्यावर ठकी झोपली होती. तिच्या झबल्याची पाठ वर-खाली होत होती. मी बुडबुड्याकडे बघितलं. पुन्हा झबल्याकडे.

उन्हाने डोळे दुखत असतील, असं मी मनाला म्हटलं. पण पडदा तर ओढलेला होता.

४

"गोंधळ नको," एसीवाला म्हणाला. "सगळं रिकामं करू. नळ्यांतली हवा ओढून त्या कोरड्या करतो, मग काटा बघतो. काटा चढला तर भोक आहे. नाही चढला तर नाही. काटा खोटं बोलत नाही."

उरलेला गॅस त्याने बाहेरच्या यंत्रात गोळा करून कोंडला आणि तिकडचे व्हॉल्व्ह बंद केले. मग बाल्कनीत एक छोटा पंप ठेवून नळी जोडली. पंप सुरू झाला. आधी घरघरला, मग आवाज बारीक होत गेला. तो म्हणाला, आत ओढायला काही कमी उरलं की आवाज असा बारीक होतो. मीटरचा काटा शून्यावर आला, शून्याच्या खाली गेला. त्याचा चेहरा खुलला. हे त्याच्या ओळखीचं काम होतं.

"झालं," तो म्हणाला. "आता नळीत काहीच नाही. हवासुद्धा नाही. पार रिकामी."

त्याने पंप बंद केला. घरात एकदम शांतता झाली. पाण्याच्या टाकीत थेंब पडतो तो सुद्धा ऐकू आला.

"बघा. हलतोय का काटा? नाही. म्हणजे गळती नाही. मी म्हटलं होतं ना मावशी, छाती..."

"अगं," सासूबाई आतून म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता. "अगं, हिचे ओठ बघ."

मी धावले. ठकीचे ओठ वांग्याच्या सालीसारखे झाले होते. डोळे मिटलेले. मी बोट धरलं. गार नाही, ऊन नाही, काहीच नाही. तळव्याला टिचकी मारली. पुन्हा मारली. जोरात मारली. तळवा लाल झाला, पण तिला आठवेना. सासूबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या आणि "ए ठके, ए बाई, ए माझे आई" असं काहीबाही म्हणत होत्या.

पार रिकामी, तो म्हणाला होता.

मला हे कसं सुचलं, मला सांगता येणार नाही. मी तिथूनच ओरडले, "सोडा! दादा, ते सोडा!"

"काय सोडू?"

"नळी! आत हवा सोडा!"

त्याने घाबरून मीटरची नळी ओढली. बाल्कनीतून सूं करून आवाज आला, हवा आत शिरल्याचा, लांब, भला लांब. आणि माझ्या हातात ठकीची छाती तेवढाच लांब वेळ फुगत गेली. आवाज थांबला तेव्हा ती थांबली. मग तिने टाहो फोडला.



५

योगायोग असेल. लवकर आलेली बाळं विसरतात, नर्सबाईंनी सांगितलंच होतं. मी ठकीला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसले होते आणि मनात हेच घोळवत होते. ठकी शांत झाली होती. तिच्या नाकातून माझ्या मनगटावर गारवा येत होता, जात होता. निदान येत तरी होता.

आत एसीवाला नट सोडवत होता. मला पान्याचा आवाज येत होता. तो म्हणाला होता, "जोड उघडून नवा करतो, मग बघू." पण थोड्याच वेळात दारात येऊन उभा राहिला. कपाळावर घाम, कंगवा हातात. कंगवा कशाला काढला, त्यालाही माहीत नसावं.

"वहिनी, आज राहू दे. जोड उघडलाय. उद्या अवजार घेऊन येतो."

"काय झालं?"

"काही नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "जाड नळीवर अंगठा धरला होता मी. उघड्या नळीवर धरायचाच असतो, आत दमट हवा गेली की मशीन मरतं. तर..." त्याने अंगठा पँटला पुसला. "काही नाही. उन्हाचं डोकं."

"तर काय रे?" सासूबाई म्हणाल्या.

"ओलं लागलं, मावशी. आत ओलं काही नसतं."

तो परत आत गेला. सामान आवरल्याचा आवाज आला. मग खर्र असा एक आवाज, चिकटपट्टी ओढल्याचा. मग पुन्हा खर्र. माझं लक्ष नव्हतं. तो घाईने बाहेर पडला, चपला जिन्यात जाऊन घातल्या. एसीला "येतो राणीसरकार" म्हणाला नाही.

मी सवयीने बोट धरलं.

दोन लहान नव्हते. एकही नव्हता.

या वेळी मी टिचकी मारली नाही. ठकीला सासूबाईंच्या ओटीत टाकलं आणि आत धावले. उघडी नळी तशीच सोडायची नाही, हा त्यांच्या कामातला पहिला धडा. माणूस भ्याला तरी हात धडा विसरत नाहीत. भिंतीतून बाहेर आलेल्या दोन्ही नळ्यांच्या तोंडांवर काळी पट्टी गुंडाळलेली होती, घट्ट, नीटनेटकी.

जाड नळीवरची पट्टी आत ओढली गेली होती. खळगा पडला होता तिच्यात. तिथून कुणी तरी ओढत होतं, आणि पट्टी सुटत नव्हती.

मी स्टुलावर चढले. नखं लागेनात. मागून सासूबाईंची हाक येत होती, शब्द कळत नव्हते. मी दातांनी पट्टी धरली आणि फाडली.

माझ्या तोंडावर श्वास आला.

ऊन होता. आंबूस, गोड. रात्रभर पिऊन तृप्त झालेल्या बाळाच्या तोंडाला येतो तो दुधाचा वास. आठ दिवस मला तो वास आला नव्हता, आणि मला कळलंही नव्हतं की आला नाही.

स्वयंपाकघरात ठकी रडायला लागली.

६

बाल्कनीत जाऊन मी बघून आले. नळीचं दुसरं टोक तिथे बंद होतं, व्हॉल्व्ह घट्ट, मीटरची नळी काढून वर टोपण बसवलेलं. तो तेही विसरला नव्हता. दुसरी नळी अजून पट्टीखाली. बाहेरून वारा यायला वाटच नव्हती. मी सातवीपर्यंतच शिकले, पण बंद बाटलीत फुंकर कुठून येणार, एवढं मला कळतं.

तरी ती येत होती. दोन लहान, थांबणं, एक लांब.

आमचे हे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सासूबाईंनी त्यांना काय सांगितलं माहीत नाही. त्यांनी ठकीला उचललं, तिच्या नाकाला नाक लावलं आणि पटकन बाजूला झाले. मग मोठ्याने, घरमालकाशी बोलावं तसं म्हणाले, "हे मशीनच नको. काढून टाकू. नळ्यासकट. भिंत बुजवून घेऊ."

"भिंत नको," मी म्हटलं.

"का?"

काय सांगू? मी म्हटलं, "बाळाला सवय झालीय."

सासूबाई मध्ये पडल्या. "तिला झोप नाही रे कालपासून. बोलव तू माणसाला." आणि मला हळूच, कधी नव्हे इतक्या मायेने म्हणाल्या, "डॉक्टरांकडे पण जाऊन येऊ. तुझ्यासाठी."

मी मान हलवली. भांडून काय होणार? त्यांना एकच श्वास दिसत होता. पाळण्यातला. तो चालू होता, बाळ वाढत होतं, मग त्यांच्या जिवाला घोर कसला?

यांनी फोन लावला. एसीवाला आधी नाही म्हणत होता. मग म्हणाला, काढायचंच असेल तर येतो, जोडायला येणार नाही.

७

दुपार झाली. हे खाली गाडी लावायला जागा करत होते. सासूबाईंनी ठकीला अंघोळ घातली आणि त्या तिला काखोटीला मारून घरभर फिरवत होत्या. मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि स्टुलावर चढले.

रात्रीपासून माझी छाती भरून आली होती. पोलकं ओलं झालं होतं. वाटीत दूध काढायचं मनात आलं नव्हतं.

मी नळीशी तोंड नेऊन हाक मारली. ठके, असं. हळूच. आपण काय करतोय हे मला कळत होतं, म्हणजे मी वेडी नव्हते. वेड्यांना लाज वाटत नाही. मला वाटत होती.

आत श्वास थांबला. ऐकायला थांबतात तसा.

मग माझं मलाच राहवेना. मी करंगळी पुढे केली. तिचं टोक जेमतेम आत जाईल एवढीच ती नळी. तांब्याची कड बोटाला टोचली. आत ऊन होतं. ओलं होतं. थोडं पुढे काही तरी मऊ होतं, आणि ते माझ्या बोटाला लागल्याबरोबर हललं, चाचपलं, आणि त्याने बोट धरलं.

दात नव्हते. नुसत्या हिरड्या.

त्याने ओढायला सुरुवात केली.

किती जोर होता त्या ओढण्यात. आठ दिवसांची भूक होती ती. माझ्या छातीतून दूध आपोआप वाहायला लागलं, पोटापर्यंत ओघळ आले. मी भिंतीला गाल टेकवला आणि तशीच उभी राहिले.

दारावर थाप पडली. मग दार उघडलंच. पुढे एसीवाला, हातात पाना आणि नळी कापायचं अवजार. त्याच्या मागे हे. त्यांच्या मागे सासूबाई, काखेत ठकी. ठकी रडत नव्हती. नव्या झबल्यात ताठ बसून ती माझ्याकडे बघत होती, माझ्या हाताकडे, आणि बघता बघता तिचं तोंड उघडलं. गारवा लागल्यासारखा सासूबाईंनी शहारून पदर गळ्याशी ओढून घेतला.

"वहिनी," एसीवाला म्हणाला. खालच्या आवाजात, जपून. "बाजूला व्हा जरा. नळी कापतो."

मी बोट काढलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "बाळ पितंय."